काका यंदाही स्कॉटलंडला

आमच्या काकांइतका खोटारडा माणूस अख्ख्या ग्रेट ब्रिटनमध्ये झाला नाही, आणि हे मी राजकारणी धरून सांगते आहे. राजकारणी निदान दर निवडणुकीला नवं खोटं आणतात. काका चाळीस वर्षं एकाच गोष्टीबद्दल खोटं बोलले, वर्षातून चार वेळा, एकही ऋतू न चुकवता. बाकी सगळ्या बाबतींत हा माणूस इतका सरळ, की ट्रेनमध्ये तिकीट तपासायला कुणी आलं नाही तर स्वतः उठून, चार डबे ओलांडून, गार्डला शोधून तिकीट दाखवून यायचा. फक्त "सुट्टीला कुठे गेला होतात?" या प्रश्नाला त्यांनी कधी खरं उत्तर दिलं नाही. आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला काका तोंड रापवून यायचे, नाकाचं सालपट निघालेलं, चष्म्याच्या जागी दोन पांढरे गोल, आणि कुणी विचारलंच तर तिळगूळ चघळत म्हणायचे, "यंदाही स्कॉटलंड." जानेवारीत स्कॉटलंडमध्ये नाक सोलवटेल एवढं ऊन कुठे पडतं, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही, कारण काका डॉक्टर होते आणि डॉक्टरला उलटं विचारायची आपल्या लोकांना सवय नाही.

खरं उत्तर होतं आल्प्समधलं एक खोरं. सतरा घरं, एक चर्च, एक ओढा, आणि चर्चपाशी येऊन संपणारा रस्ता. हॉटेल नाही, डोंगरावर नेणारे तारेवरचे पाळणे नाहीत, गायीच्या चित्राचे कप विकणारं दुकान नाही. ज्यांच्या घरी काका उतरायचे त्या बाई विधवा होत्या, त्यांच्या सहा गायी होत्या, आणि घरासमोर एक गवताचं कुरण होतं, ज्यावर चाक म्हणून कधी फिरलं नव्हतं. गवत कापायचं तेसुद्धा लांब दांड्याच्या विळ्यानं. काका नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. लग्नानंतर पाच वर्षांनी एका कॉन्फरन्सला गेले असताना ते आणि काकू चुकीच्या बसमध्ये बसले आणि या खोऱ्यात येऊन पडले. परतीची बस दुसऱ्या दिवशी होती. त्या दुसऱ्या दिवशी, त्या कुरणाच्या कडेला उभं राहून, काकू म्हणाल्या होत्या, "हे कुणाला सांगायचं नाही हं." एवढंच. काकू पुढे आठ वर्षांनी कॅन्सरने गेल्या. त्यांनी नवऱ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट असावी, कारण काकांनी ती एखाद्या धर्मासारखी पाळली.

काका बाबांचे मावसभाऊ. आम्ही हॅरोला, ते नॉटिंगहॅमला. निवृत्त झाल्यावर मात्र वॉटफर्डला घर घेऊन आमच्या जवळ आले. आम्हाला वाटलं, नात्याच्या ओढीने आले. नंतर कळलं की वॉटफर्डहून लंडनच्या मोठ्या स्टेशनात उतरून दहा मिनिटं चाललं की समुद्राखालून जाणारी ट्रेन मिळते, आणि नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी हे घर निवडलं होतं. तिकडे जायला विमानात ते कधी बसले नाहीत. मोठी झाल्यावर मी विमानांविरुद्ध पत्रकं वाटायला लागले तेव्हा काकांचं उदाहरण सगळ्यांना द्यायचे, तर त्यांनीच माझी हवा काढली. म्हणाले, कार्बनचं मला काही माहीत नाही बाई, विमानात शेजारचा "कुठे निघालात?" म्हणून विचारतो, आणि उठून जाता येत नाही.

एवढं खोटं बोलायचं म्हणजे स्मरणशक्ती लागते. काकांनी त्यासाठी एक छोटी निळी वही केली होती. कुणाला काय सांगितलं याची नोंद. मंडळाचे सेक्रेटरी: स्कॉटलंड. शेजारची बाई: वेल्स, पाऊस होता. माझी आई: युरोपातले जुने मित्र. मंडळात जायच्या आधी काका गाडीत बसून ही वही वाचायचे, परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखी. माझ्या नावाचं पान मात्र कोरं होतं. मला त्यांनी ते अभिमानाने दाखवलंही होतं.

कारण मला ते तिथे घेऊन जायचे. आई-बाबा दोघांनाही शाळेच्या सुट्टीत रजा मिळायची मारामार, आणि मी अकरा वर्षांची, तोंड कधी बंद न ठेवणारी. काकांनी मला वॉटफर्ड जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर सॅकवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. नाव सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही, निबंधात लिहायचं नाही. हिवाळ्यात आम्ही पायाला जाळीदार फळ्या बांधून बर्फावरून चालायचो. काकांना स्कीइंग येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं, कारण घसरत जाणाऱ्या माणसाला बाजूचं काही दिसत नाही असं त्यांचं म्हणणं. वसंतात बर्फाच्या कडेला पोटावर झोपून पहिलं जांभळं फूल शोधायचं, सापडलं की त्याला नमस्कार करायचा, तोडायचं नाही. उन्हाळ्यात वरच्या कुरणांपर्यंत चढ. चढताना काका माझ्याशी बोलायचे नाहीत, माझा श्वास ऐकायचे. "बोलू नकोस, तू काय सांगतेस त्यापेक्षा तुझी फुप्फुसं जास्त खरं सांगतात," असं म्हणून मला दगडावर बसवायचे आणि सॅकमधून थर्मास काढायचे, ज्यात वर्षाचे बारा महिने फक्त आल्याचा चहा असायचा.

आणि शरद ऋतू. तिथे थंडी यायच्या आधी डोंगरावरच्या गायी खाली आणतात, शिंगांना फुलं बांधून, गळ्यात मोठमोठ्या घंटा घालून. काकांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच जाहीर केलं की हा पोळा आहे, फक्त बैल रजेवर आहेत. त्यानंतर दरवर्षी त्यांच्या सॅकमध्ये हळदीकुंकवाची डबी आणि हॅरोच्या दुकानातल्या पुरणपोळ्या असायच्या. पुढच्या गायीला ते ओढ्यापाशी थांबवायचे, कुंकू लावायचे, पोळी भरवायचे आणि तिच्याशी अस्सल पुणेरी मराठीत बोलायचे. घरमालकीण बाईंना ते वहिनी म्हणत. वहिनींना पहिल्या वर्षी वाटलं, डॉक्टर गायींना काहीतरी औषध देताहेत. दुसऱ्या वर्षी त्यांनी बघून घेतलं. तिसऱ्या वर्षी सहावी गाय झाल्यावर तिच्यामागे वहिनी स्वतः येऊन उभ्या राहिल्या, ॲप्रन सारखा केला आणि कपाळ पुढे केलं. काकांनी त्यांनाही कुंकू लावलं, आणि उरलेली अर्धी पुरणपोळी दिली.

त्यांच्या पेशाची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. थिएटरमध्ये भूल द्यायच्या आधी काका पेशंटला सांगायचे, आता तुमच्या सगळ्यांत आवडत्या जागी जा, आणि कुठे आहात ते मला सांगा. तीस वर्षांत त्यांनी हजारो जागा ऐकल्या. कुणी स्पेनच्या बीचवर, कुणी आजीच्या स्वयंपाकघरात, कुणी फुटबॉलच्या मैदानात गोलपोस्टच्या मागे. एक गृहस्थ म्हणे शेजारणीच्या बेडरूममध्ये होते, आणि त्यांची बायको बाहेर कॉरिडॉरमध्ये. काकांनी एकही नाव कधी सांगितलं नाही. पण एक सांगायचे, "त्या वेळी माणूस खोटं बोलू शकत नाही. औषध नसेत चढत असताना खोटं रचायला जी जागा लागते ना, तीच आधी झोपते."

मी चोवीस वर्षांची होईपर्यंत शपथ पाळली. मग वहिनींचं पत्र आलं. एका कंपनीला खोऱ्यात हॉटेल बांधायचं होतं, आणि हॉटेलपासून शिखरापर्यंत पाळणे. काका डिक्शनरी घेऊन बसले आणि रविवारी आमच्याकडे वरणभात जेवताना त्यांनी मला ते सगळं वाचून दाखवलं. एखाद्याचा रिपोर्ट वाचावा तसं, आवाज न चढवता. माझा मात्र चढला. मला राग येतो. राग हे माझं कामच आहे. तोपर्यंत मी आमची लायब्ररी वाचवायला पत्रकं काढली होती, मैदान वाचवायला काढली होती, आणि सगळ्या गोष्टी पत्रकाने वाचतात असा माझा समज होता. दुपारभर बसून मी चार पानं लिहिली. इंग्रजीत, मराठीत, आणि वहिनींच्या भाषेतही, मशीनकडून करून घेऊन. वर खोऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली नकाशा, मध्ये कुरणाचा फोटो. तो फोटो मी सतरा वर्षांची असताना चोरून काढला होता.

काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं. फोटोपाशी थांबले. मग पेन काढलं.

"पुढारीण," ते मला नेहमी याच नावाने हाक मारायचे, "उद्गारचिन्हं काढ. भूल देताना मी कधी ओरडलो नाही, तरी माणसं झोपलीच."

"मला झोपवायचं नाहीये काका, उठवायचंय."

"बरं. मग ती ठेव. नाव काढ."

मी म्हटलं, नाव काढलं तर वाचवायचं काय, हे लोकांना कळणार कसं? कॅम्पेन असं चालत नाही. ते म्हणाले, नाव कळलं की लोक येतील. मी म्हटलं, लोक आले तर काय बिघडलं, लोकांचीच जागा आहे, तुम्ही चार सुखवस्तू माणसं डोंगर लपवून ठेवणार आणि त्याला प्रेम म्हणणार. हे मी बोलले. आईने डाव खाली ठेवला. काकांनी पत्रकाची घडी घातली, पुन्हा उघडली, माझ्यासमोर सरकवली.

"तुझ्या काकूला शब्द दिला होता गं मी," एवढंच म्हणाले.

मी नाव ठेवलं. एका जिवंत खोऱ्यापुढे एका गेलेल्या बाईच्या शब्दाचं काय, असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं, आणि ते वाक्य मला इतकं आवडलं की थोडं बदलून दुसऱ्या एका पत्रकातही वापरलं.

आणि आम्ही जिंकलो. कंपनीने प्लॅन मागे घेतला. आमच्यामुळे की त्यांच्याकडचे पैसे संपले म्हणून, ते कुणी सांगितलं नाही, पण श्रेय मी घेतलं. तो फोटो मात्र लोकांच्या फोनमधून फिरत राहिला. ज्यांनी खोरं वाचवायला सह्या केल्या त्यांना वाचलेलं खोरं बघायचं होतं, यात त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. पहिल्या उन्हाळ्यात गाड्या रस्त्याच्या कडेला लागल्या, दुसऱ्या उन्हाळ्यात ओढ्यापर्यंत. मग तिथल्या कौन्सिलने वहिनींना समजावून, पटवून, कुरणाचा वरचा अर्धा भाग घेतला, खडी टाकली आणि पार्किंगची पाटी लावली. काका त्या दोन वर्षांतही चारही ऋतूंत गेले. परत आल्यावर मला विचारावंसं वाटायचं नाही, आणि ते आपणहून सांगायचे नाहीत. वहीतल्या माझ्या पानावर काही लिहावं लागू नये म्हणून गप्प बसत असतील.

काकांची पंचाहत्तरी आली तेव्हा मंडळाच्या सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. अत्यंत प्रेमळ गृहस्थ. दर उन्हाळ्यात मंडळाची कोचट्रिप काढायची, प्रत्येक सीटवर चिवड्याचं पाकीट ठेवायचं आणि मोटरवेला लागलं की माइक हातात घ्यायचा, हे त्यांचं आयुष्य. चाळीस वर्षं काका ज्या एका गोष्टीला घाबरले ती म्हणजे ही कोच. सेक्रेटरी डोळे मिचकावत म्हणाले, "सरप्राइज आहे. काकांना सांगायचं लेक डिस्ट्रिक्ट, आणि न्यायचं डायरेक्ट त्यांच्या खोऱ्यात. तुझं लीफलेट आलं तेव्हा तुझ्या आईनेच सांगितलं, आणि सुचलं. त्यांचा पासपोर्ट तू गुपचूप आण, आणि तोंड उघडायचं नाही हं."

मी उघडलं नाही. खोऱ्याचं गुपित मला ठेवता आलं नव्हतं, कोचचं मी ठेवलं. मला खरंच वाटलं होतं की एवढी माणसं त्यांच्यासाठी निघालेली बघून काका विरघळतील, आणि मग माझंही थोडं धुतलं जाईल.

कोच उत्तरेला न वळता दक्षिणेला वळली तेव्हाच काका ओळखून चुकले असणार. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं होतं, गळ्यात हार. मागे एकोणपन्नास माणसं गात होती. ते पूर्ण दोन दिवस प्रत्येकाशी नीट बोलले, भेंड्यांमध्ये अडलेल्यांना अक्षरं पुरवली. शेवटच्या वळणावर चर्च दिसलं तेव्हा त्यांनी हार काढून मांडीवर ठेवला. पार्किंग भरलेलं होतं. एकच कोपरा रिकामा, आणि तिथे कोच लावायची तर उलटी घ्यावी लागणार होती, वहिनींच्या बटाट्याच्या वाफ्याला खेटून. ड्रायव्हर घामाघूम झाला होता, त्याला मागचं दिसत नव्हतं. काका खाली उतरले. कोचच्या मागे जाऊन, ज्या कडेला उभं राहून काकूंनी ते वाक्य म्हटलं होतं बहुतेक त्याच कडेला उभे राहिले, आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागले. "येऊ द्या... येऊ द्या... अजून थोडं." ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं पण हात कळत होते. ते एवढं मोठं धूड काकांच्या छातीपासून हातभर अंतरावर येऊन थांबलं. "बास," काका म्हणाले. वाफ्यातलं एक पानसुद्धा चिरडलं गेलं नाही.

वहिनी दारात आल्या होत्या. त्यांनी कोचकडे पाहिलं, उतरणाऱ्या साड्या आणि कॅमेऱ्यांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि विचारलं, डॉक्टर, ही माणसं तुमची? मला तेवढी भाषा कळत होती. मला वाटलं, आता तरी काका खोटं बोलतील.

"हो," ते म्हणाले. "सगळी माझीच."

परतताना ते माझ्या शेजारी येऊन बसले. कोच बोगद्यात शिरली. मग त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, "तुझ्या काकूला आवडलं असतं. किती छान गात होते सगळे." मला रडू आलं, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मी ते वाक्य पुढे दोन वर्षं उशीसारखं वापरलं.

काका त्यानंतर तिकडे गेले नाहीत. चारही ऋतूंत तेच बूट, तीच सॅक, तोच आल्याचा चहा घेऊन वॉटफर्डच्या कॅनॉलच्या कडेने चालायचे. जानेवारीत पायाला जाळीदार फळ्या बांधून चिखलातून जाताना त्यांना मी स्वतः पाहिलं आहे. बदकांशी मराठीत बोलत होते. संक्रांतीला सेक्रेटरींनी विचारलं, यंदा कुठे? काका म्हणाले, यंदाही स्कॉटलंड. सगळे हसले, आता सगळ्यांनाच ठाऊक होतं ना. काका हसले नाहीत, आणि त्यांचं नाकही सोललेलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात कॅनॉलच्या कडेलाच ते घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठीक झालं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात बसले होते, काका झोपले होते, तेव्हा त्यांना भूल देणारी डॉक्टर बघायला आली. माझ्याच वयाची असेल. तिला कळलं होतं की हे आपल्याच पेशातले, म्हणून ती जरा दबकत, जरा कौतुकाने सांगायला लागली. तीही पेशंटला तेच विचारते म्हणे, आवडत्या जागी जा, कुठे आहात सांगा. काकांनाही विचारलं. काकांनी डोळे मिटले, थोडा वेळ घेतला, आणि म्हणाले, "वॉटफर्ड."

"आजवर मला कुणी वॉटफर्ड सांगितलं नव्हतं," ती हसत म्हणाली. "खरंच त्यांना एवढं आवडतं?"

माझ्या जिभेवर खोऱ्याचं नाव आलं होतं. इतक्या वर्षांची सवय. त्या वेळी माणूस खोटं बोलू शकत नाही, हे काकांनीच मला सांगितलं होतं, आणि ते जर खरं असेल तर मी काय केलं आहे याचं उत्तर त्या एका शब्दात आलं होतं. मी म्हटलं, "हो. फार आवडतं."

संध्याकाळी त्यांचा वाचायचा चष्मा आणायला मी त्यांच्या घरी गेले. ड्रॉवरमध्ये चष्म्याखाली ती निळी वही होती. माझं पान मी उघडायला नको होतं. इतकी वर्षं कोरं असलेल्या त्या पानावर आता एकच ओळ होती, त्यांच्या बारीक, प्रिस्क्रिप्शनसारख्या अक्षरात. पुढारीण: तिच्या काकूला आवडलं असतं असं सांगितलं.

मी तिथेच पलंगावर बसले. त्या वहीचा एकच नियम होता: खरं असेल ते तिच्यात लिहायचं नाही. मग मी ड्रॉवरमधलं पेन घेतलं, पुढचं कोरं पान काढलं, आणि माझ्या अक्षरात लिहिलं. भूल देणारी डॉक्टर: वॉटफर्ड.

चष्मा घेऊन मी हॉस्पिटलला परत गेले. काका जागे होते. त्यानंतर ते नऊच दिवस जगले, आणि या नऊ दिवसांत नर्सनी, फिजिओने, शेजारच्या बेडवरच्या म्हाताऱ्याने, ज्याने ज्याने भिंतीला टेकवलेले ते झिजलेले बूट पाहून विचारलं, त्या प्रत्येकाला मी सांगितलं, स्कॉटलंडला जातात दरवर्षी.